पेटीतलं पदक, पलटणीचा नंबर आणि तलाठ्याचं दप्तर: पणजोबांची फौजेतली नोकरी कशी शोधायची?

2023 मध्ये न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली, कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि 'गाव नमुना 14', 'कडईपत्रक', 'मोडी वाचक' हे शब्द चहाच्या टपरीपर्यंत पोचले. कचेरीतली दप्तरं उघडली तशा घरातल्या पत्र्याच्या ट्रंकाही उघडल्या. पुष्कळ ठिकाणी हवी ती नोंद निघाली नाही, भलतंच निघालं. काळं पडलेलं एखादं पदक, विरलेली फीत, इंग्रजीत छापलेला घडीवर फाटलेला कागद. सातारा, रत्नागिरी, रायगड, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात तर हे फारच. 'आमचे पणजोबा इंग्रजांच्या फौजेत होते, त्यांना मोठं पदक मिळालं होतं' यापुढे घरात कुणालाच सांगता येत नाही.

पुढचं शोधता येतं. पण शोधायला बसण्याआधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. पदक मिळवलेल्या शिपायाची कागदी कहाणी फार एकांगी असते. सरकारने त्याच्या आयुष्यातल्या एका सकाळीबद्दल अर्धं पान लिहिलेलं असतं आणि उरलेल्या पन्नास-साठ वर्षांबद्दल जवळजवळ काहीच नाही. ती वर्षं सापडलीच तर गावच्या कागदांत सापडतात. म्हणजे शोध दोन ठिकाणी घ्यायचा: फौजेच्या कागदांत आणि महसुली दप्तरात. दोन्हीकडचा माणूस एकच आहे, हे सिद्ध करणं हे खरं काम.

आधी पदकाची कड वाचा

बहुतेक लोक पदकावरचा राजाचा मुखवटा बघतात आणि फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतात. मुखवटा कामाचा नाही. नाण्याला असते तशी पदकाला जी जाड कड असते, ती बघा. पहिल्या महायुद्धाच्या गोल पदकांवर या कडेभोवती बारीक इंग्रजी अक्षरं ठोकलेली असतात. पदक खिडकीशी न्या, भिंग घ्या, प्रकाश तिरपा पडू द्या आणि पदक हळूहळू फिरवा. समजा तिथे निघालं: '2187 शिपाई रामा जाधव, 110 मराठा एल. आय.' (एल. आय. म्हणजे लाइट इन्फन्ट्री, पायदळच.) एवढ्या एका ओळीत चार गोष्टी आल्या: नंबर, हुद्दा, नाव, पलटण. घरातल्या सगळ्या ऐकीव गोष्टींपेक्षा ही ओळ जास्त मोलाची.

यातला नंबर एकटा मात्र उपयोगाचा नाही. त्या काळी प्रत्येक पलटण आपापल्या जवानांना स्वतःचे नंबर द्यायची, त्यामुळे 2187 नंबरचे शिपाई एकाच वेळी कितीतरी पलटणींत असू शकत. नंबर आणि पलटण ही जोडी कायम एकत्र लिहून ठेवा.

आणखी एक. कडेवरचं नाव तुमच्या घराण्यातलं नसेल तर लगेच गोंधळून जाऊ नका. पदकं विकली गेली, गहाण पडली, चोर बाजारातून हौसेने विकतही घेतली गेली. चांदीची होती ती कित्येक घरांत अडीअडचणीला सोनाराकडे आटवली गेली. मामाच्या घरचं पदक आत्याच्या पेटीत निघणं तर अगदीच नेहमीचं.

हे शौर्यपदक आहे की हजेरीचं?

इथे बऱ्याच घरांचा थोडा हिरमोड होतो. पदकांच्या मुख्य दोन जाती. एक मोहिमेचं पदक: त्या युद्धात, त्या आघाडीवर जो कुणी होता त्या प्रत्येकाला मिळणारं. दुसरं शौर्यपदक: नाव घेऊन, कारण सांगून दिलेलं. इंद्रधनुष्यी फितीचं, पंखवाली आकृती असलेलं व्हिक्टरी मेडल हे पहिल्या जातीतलं. नावात 'व्हिक्टरी' आहे म्हणून त्याचा व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे इंग्रजी फौजेतलं सर्वोच्च शौर्यपदक, करून टाकलेली घरं पुष्कळ असतात. दुसऱ्या महायुद्धाचे सहा टोकांचे पितळी तारे, बर्मा स्टार, इटली स्टार, हेही मोहिमेचेच.

शौर्यपदकांचा इतिहास जरा वळणाचा आहे, पण इथे थांबायला हवं, कारण चुका नेमक्या इथेच होतात. 1911 पर्यंत व्हिक्टोरिया क्रॉस हिंदी, म्हणजे भारतीय, शिपायाला मिळूच शकत नव्हता. त्याच्यासाठी सर्वांत वरचा मान होता 'इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट'. कंपनी सरकारने तो 1837 मध्ये सुरू केला. त्याचे तीन वर्ग होते. आधी तिसरा मिळवायचा, पुन्हा पराक्रम केला तर दुसरा, पुन्हा केला तर पहिला. हा मान पगारातही दिसायचा: तिसऱ्या वर्गाला पगाराच्या एक तृतीयांश जादा, दुसऱ्याला दोन तृतीयांश, पहिल्याला थेट दुप्पट पगार. शिपाई गेल्यावर त्याच्या विधवेला हा भत्ता तीन वर्षं मिळायचा. मग पंचम जॉर्जच्या दिल्ली दरबारात व्हिक्टोरिया क्रॉस हिंदी सैनिकांना खुला झाल्याचं जाहीर झालं. त्यानंतर ऑर्डर ऑफ मेरिटचा पहिला वर्ग बंद झाला, दुसऱ्याला पहिला म्हणू लागले आणि तिसऱ्याला दुसरा. म्हणून 1900 मधला 'दुसरा वर्ग' आणि 1916 मधला 'दुसरा वर्ग' हे दोन वेगळे मान आहेत. साल बघितल्याशिवाय वर्ग सांगू नये.

याखालचं 'इंडियन डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडल' 1907 चं. कागदात नावापुढे आय. डी. एस. एम. अशी चार अक्षरं दिसली तर ते हे. 'ऑर्डर ऑफ ब्रिटिश इंडिया' हा प्रकार वेगळा, तो दीर्घ आणि निष्ठावान नोकरीसाठी हिंदी अंमलदारांना मिळायचा. त्याच्या पहिल्या वर्गाबरोबर 'सरदार बहादूर' आणि दुसऱ्याबरोबर 'बहादूर' असा किताब यायचा. सुभेदार मेजरच्या नावामागे 'बहादूर' दिसलं की काही जण ते आडनाव समजून नेपाळपर्यंत वंशावळ नेतात! आणि जमादार हा हुद्दा आज ऐकून कुणी ओशाळायचं कारण नाही. आजच्या नायब सुभेदाराला तेव्हा जमादार म्हणत.

पलटणीचं नाव प्रत्येक कागदात वेगळं का?

मुंबईत लॅमिंग्टन रोडचा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग झाला, पण इमारती तिथेच राहिल्या. पलटणींचं असंच आहे. फौजेची फेररचना झाली की पाटी बदलायची, माणसं आणि परंपरा तीच.

एकाच पलटणीची साखळी बघा. 1797 मध्ये मुंबईत उभी राहिलेली एक पलटण 1824 मध्ये मुंबई नेटिव्ह इन्फन्ट्रीची 10 वी रेजिमेंट झाली. 1903 मध्ये तेव्हाचा सरसेनापती लॉर्ड किचनर याने सगळ्या हिंदी फौजेचे नंबर एका माळेत ओवले, तेव्हा मुंबईकडच्या पलटणींच्या नंबरात शंभर मिळवले गेले आणि ही झाली 110 वी मराठा लाइट इन्फन्ट्री. 1922 च्या फेररचनेत हीच 5 व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन झाली. कागदात ते 3/5 असं लिहितात. आज ती 2 पॅरा (पॅराशूट रेजिमेंटची दुसरी बटालियन) म्हणून ओळखली जाते. पणजोबा 1915 मध्ये भरती होऊन 1930 ला सुटले असतील, तर त्यांच्या भरतीच्या आणि फौजेतून सुटल्याच्या कागदांवर दोन वेगळ्या पलटणी दिसतील आणि दोन्ही बरोबर असतील.

जालावर, म्हणजे इंटरनेटवर, इंग्रजीत शोधताना लक्षात ठेवा, तेव्हा 'मराठा'चं स्पेलिंग आजच्यासारखं नव्हतं. मध्ये एच आणि पुढे दोन टी घालून लिहीत. आजच्या स्पेलिंगने शोधलं तर निम्मे कागद हाती लागत नाहीत.

त्या एका सकाळीचा कागद

शौर्यपदक जाहीर व्हायचं ते गॅझेटमध्ये, म्हणजे सरकारी राजपत्रात. व्हिक्टोरिया क्रॉस लंडन गॅझेटमध्ये, आणि ते आज जालावर फुकट वाचता येतं. हिंदी सैनिकांची बाकीची पदकं बऱ्याचदा गॅझेट ऑफ इंडियात. काहींच्या नावाखाली कारण दिलेलं असतं, म्हणजे त्या दिवशी त्याने नेमकं काय केलं त्याचं वर्णन. याला आपण शौर्यनोंद म्हणू. पहिल्या महायुद्धातल्या खालच्या पदकांना मात्र अनेकदा नुसती नावांची यादी असते. दुसऱ्या महायुद्धासाठी आणखी एक वाट आहे: लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात 'डब्ल्यूओ 373' या मालिकेत पदकांच्या शिफारशी आहेत. शिफारस पुष्कळदा गॅझेटपेक्षा सविस्तर असते आणि कुठल्या साहेबाने सही केली तेही कळतं.

शौर्यनोंद कशी असते ते नाईक यशवंत घाडगे यांच्यावरून दिसेल. 3/5 मराठा, 10 जुलै 1944, इटलीतलं वरचं टायबर खोरं. कंपनी शत्रूच्या मोर्चावर चालून गेली. जवळून मशीनगनचा मारा झाला आणि घाडग्यांच्या सेक्शनमधला त्यांच्याशिवाय प्रत्येक जण पडला, कुणी ठार, कुणी जखमी. ते एकटे धावून गेले. हातबाँब टाकून मशीनगन आणि ती चालवणारा गारद केला, आणखी एकाला टॉमीगनने टिपलं. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता. बंदूक नळीने धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने मारलं. मग लपून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत आणि पाठीत लागून त्याच मोर्चात ते पडले. वय बावीस. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर.

वाचताना अंगावर काटा येतो, आणि यावं तसंच ते लिहिलेलं असतं. पण शौर्यनोंद हा एक अर्ज असतो हे विसरू नये. साहेब तो वरच्या साहेबाला पटावा म्हणून ठरावीक साच्यात लिहितो. 'स्वतःच्या जिवाची पर्वा न करता' हे वाक्य शेकडो नोंदींत सापडेल. म्हणून शौर्यनोंदीशेजारी त्याच दिवसाची वॉर डायरी ठेवून वाचावी. वॉर डायरी म्हणजे पलटणीच्या कार्यालयाने युद्धकाळात रोज लिहायची वही. तिच्यात हवामान असतं, कुठून कुठे कूच केली ते असतं, किती पडले ते असतं. नावं बहुतेक गोऱ्या साहेबांची. हिंदी शिपाई आकड्यात येतो, 'आय. ओ. आर. 3 ठार, 14 जखमी'. आय. ओ. आर. म्हणजे हवालदार आणि त्याखालचे हिंदी जवान. त्या चौदांत आपला माणूस असू शकतो, हे त्या पानावर बोट ठेवून बसल्यावर जाणवतं.

सगळं लंडनला असेल ना?

नाही. हा सर्वांत मोठा गैरसमज, आणि याच्यापायी लोक पैसेही घालवतात. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसचे कागद आहेत, क्यूला फ्रान्स आणि मेसोपोटेमियातल्या (आजच्या इराकातल्या) हिंदी पलटणींच्या वॉर डायऱ्या आहेत. पण साध्या शिपायाची वैयक्तिक नोकरीची कागदं, ज्याला फौजेत शीट रोल म्हणतात, ती पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसात राहायची. लंडनला जायच्या त्या साहेबांच्या फायली.

मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला. पत्र तिथल्या रेकॉर्ड ऑफिसला लिहायचं, आणि त्यात नंबर, पलटण, नाव, बापाचं नाव, गाव, तालुका, भरतीचं अंदाजे साल हे सगळं द्यायचं. अपेक्षा मात्र बेताची ठेवा. पेन्शन न घेता सुटलेल्या जवानाचे कागद पंचवीस वर्षांनी नष्ट करायचा नियम आहे, आणि युद्धापुरते भरती झालेले बहुतेक जण त्यातच मोडतात. टिकते ती 'लाँग रोल' नावाची नोंदवही. तिच्यात माणसामागे एखादी ओळ असते: नंबर, नाव, भरती कधी झाला, सुटला कधी, कशामुळे. शीट रोल गेला असेल तर लाँग रोलमधली ओळ द्यावी, असं पत्रात नाव घेऊन लिहा. नुसती 'माहिती द्यावी' अशी विनंती केली तर 'कागदपत्रे नष्ट' एवढंच उत्तर यायची शक्यता जास्त.

पंजाबचं नशीब याबाबतीत बरं. तिथल्या सरकारने पहिल्या महायुद्धानंतर गावोगावच्या शिपायांची नोंद केली होती. सुमारे 3 लाख 20 हजार नावांच्या त्या वह्या लाहोरच्या संग्रहालयात राहिल्या आणि 2021 पासून जालावर येऊ लागल्या. मराठी माणसाला असा एकगठ्ठा सोपा मार्ग नाही, तुकडे जोडत जावं लागतं.

नावच जुळत नाही, मग?

कारकून इंग्रज किंवा परप्रांतातला, सांगणारा घाटावरचा किंवा कोकणातला. घाडगेचं घाटगे, शिंदेचं सिंदे, गेनूचं गनू झालेलं असणार हे धरूनच चाला. पुष्कळदा आडनाव लिहिलेलंच नसतं, नुसतं नाव आणि बापाचं नाव. जुन्या महार शिपायांच्या नावाला 'नाक' जोडलेलं असायचं. भीमा कोरेगावच्या स्तंभावर तशी नावं कोरलेली आहेत. म्हणून नाव शेवटी जुळवा. आधी पलटण, मग नंबर, मग बापाचं नाव, मग गाव.

गावाचीही गंमत आहे. यशवंत घाडग्यांचं पळसगाव माणगाव तालुक्यातलं. आज जिल्हा रायगड, पण 1981 पर्यंत त्याला कुलाबा म्हणत, तेव्हा 'रायगड' शोधून 1944 चा कागद मिळायचा नाही. इटलीतल्या सेनिओ नदीवर 9 एप्रिल 1945 ला व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे नामदेव जाधव निमजचे. तो जिल्हा आयुष्यभर अहमदनगर होता, आता अहिल्यानगर झालाय. सिंधुदुर्गातला शिपाई रत्नागिरी किंवा सावंतवाडी संस्थानाखाली असेल, भोर-फलटणचा माणूस ब्रिटिश मुलखातला नव्हे तर संस्थानी प्रजा म्हणून लागेल.

वयावर तर विसंबूच नका. भरतीच्या वेळी जे सांगितलं ते लिहिलं, आणि नोकरी हवी असलेल्या पोराला किती वय सांगायचं हे बरोबर ठाऊक असायचं. जातीच्या रकान्याबद्दलही थोडी सावधगिरी हवी. कोणत्या जातीला कधी घ्यायचं हे सरकार ठरवायचं. महारांची भरती 1890 च्या दशकाच्या सुरुवातीला बंद केली, 1917 मध्ये गरज पडली तशी 111 वी महार पलटण उभारली आणि 1921 मध्ये मोडून टाकली. महार रेजिमेंट उभी राहिली ती 1941 ला. मधल्या काळात घरातली फौजेची परंपरा अचानक तुटलेली दिसली तर कारण घरात शोधू नका.

यादीत नाव नाही म्हणजे घरचे खोटं बोलत होते?

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या यादीत शोधून लोक निराश होतात. ही यादी मेलेल्यांची आहे. पहिल्या युद्धासाठी 4 ऑगस्ट 1914 ते 31 ऑगस्ट 1921, दुसऱ्यासाठी 3 सप्टेंबर 1939 ते 31 डिसेंबर 1947. पणजोबा घरी परत आले, लग्न झालं, म्हणून तर तुम्ही आहात. त्यांचं नाव तिथे नसणारच.

जे परत आले नाहीत त्यांचीही नावं सगळी नाहीत. कमिशनने 2021 मध्ये स्वतःच्याच समितीचा अहवाल प्रसिद्ध केला. पहिल्या महायुद्धात मेलेल्या, मुख्यतः हिंदी आणि आफ्रिकी, अशा 45 ते 54 हजार जणांचं स्मरण गोऱ्यांच्या बरोबरीने केलं गेलं नाही, हे त्यात कबूल केलंय. आणखी किमान 1 लाख 16 हजारांचं नावानिशी स्मरण झालंच नाही किंवा मुळी झालंच नाही, असंही त्यात आहे. तेव्हा 'नोंद नाही' याचा दोष पणजीच्या आठवणीवर लादायची घाई नको.

मेसोपोटेमिया हा मराठी घरांसाठी खास अवघड भाग. 103, 110 आणि 117 या तिन्ही मराठा पलटणी कूत-अल-अमाराच्या वेढ्यात होत्या. 29 एप्रिल 1916 ला तिथल्या फौजेने तुर्कांपुढे शरणागती दिली आणि कैद्यांना वाळवंटातून चालवत नेलं. वाटेत आणि कैदेत हजारो गेले. घरात 'बसऱ्याला गेले ते आलेच नाहीत' एवढंच सांगितलं जात असेल तर या पलटणी आधी तपासा. रेडक्रॉसच्या जिनिव्हातल्या संग्रहात पहिल्या युद्धातल्या कैद्यांची कार्डं आहेत आणि तीही जालावर आहेत.

उरलेली पन्नास वर्षं

इथून पुढे कागद मराठीत आणि मोडीत. सातबाराच्या मागे जा, फेरफार बघा, म्हणजे जमीन कुणाकडून कुणाच्या नावावर गेली त्या नोंदी. फौजी वारला की वारसाची नोंद होते, आणि त्यात मृत्यूची तारीख, बायको, मुलं, कधी कधी दुसरी बायकोही सापडते. लढाईबद्दल इनाम जमीन मिळाली असेल तर फेरफारात तसा शेरा असू शकतो. मुंबई राज्यात व्यक्तिगत इनामं 1952 च्या कायद्याने गेली, तेव्हा त्या सुमाराचे फेरफार मुद्दाम काढा. गाव नमुना 14 मध्ये जन्म-मृत्यू. प्राथमिक शाळेच्या जनरल रजिस्टरात मुलांच्या नावापुढे बापाचा धंदा 'लष्करात' किंवा 'पेन्शनर' असा लिहिलेला मिळाला, तर फौजेतला रामा आणि गावातला रामा एकच, याला तो भक्कम पुरावा. राज्याच्या 'आपले अभिलेख' या संकेतस्थळावर काही जिल्ह्यांचे जुने फेरफार स्कॅन करून ठेवलेत, ते आधी बघून मग तालुक्याला खेप घाला. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही विचारा, विशेषतः विधवेला पेन्शन मिळत होती असं घरात सांगत असतील तर.

गावातल्या चावडीवर किंवा शाळेच्या भिंतीत 'या गावातून इतके लोक लढाईस गेले' अशी संगमरवरी पाटी आहे का, तेही पाहून या. चुना मारून मारून पुसट झालेली असते.

इंग्रजांच्या चाकरीतला माणूस, त्याचं कौतुक कशाला?

हा प्रश्न विचारणारा घरात एक तरी असतोच, आणि प्रश्न रास्त आहे. माझं मत असं की शोध घेणं वेगळं आणि पोवाडा गाणं वेगळं. पहिल्या महायुद्धात दहा लाखांहून जास्त हिंदी माणसं देशाबाहेर गेली, दुसऱ्यात फौज पंचवीस लाखांवर पोचली. त्यातला जो तो राजनिष्ठेने गेला असं मानायला आधार नाही. दुष्काळ, कर्ज, भावकीतली वाटणी, गावात रोज सोसावी लागणारी हीन वागणूक, यातली कोणती गोष्ट त्याला भरतीच्या रांगेत घेऊन गेली हे त्या सालचे फेरफार आणि गहाणखतं बघितल्यावर थोडंफार कळतं. शौर्यनोंदीत ते कधीच नसतं. फेरफार वाचून झाल्यावर कौतुक करायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

तोवर एक काम करू नका: पदक चमकवायला ब्रासो लावू नका. घासताना सर्वांत आधी झिजतात ती कडेवरची अक्षरं. मऊ कोरड्या फडक्याने पुसा, कडेचा चारी बाजूंनी फोटो घ्या, फीत धुऊ नका, आणि डिस्चार्जच्या कागदाला लॅमिनेशन तर मुळीच करू नका. ते नंतर निघत नाही.